गोदाकाकूंचं कडू बेणं

दोडका ही भाजी घरात सहसा कुणाला आवडत नाही. मुलं ताट सरकवतात, पुरुष "आज पण दोडकंच का" म्हणतात, आणि करणारी बाई शिरांची चटणी स्वतःसाठी बाजूला काढून मोकळी होते. अशा भाजीवर मी गेली वीसेक वर्षं पोट भरते आहे. माझा नवराही दोडका खात नाही. तुझ्या कपड्यांना वास येतो तेवढा मला पुरे, असं तो म्हणतो.

मी एका बियाणं कंपनीची क्षेत्र पर्यवेक्षक आहे. हे पद फक्त कागदावर आहे. गावोगाव मला 'क्रॉसिंगच्या म्याडम' म्हणतात आणि हे नाव जास्त बरोबर आहे. राहते नळदुर्गला. रोज दुपारी जेवून स्कूटीवरून हायवेला लागते, ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत कुठल्या तरी गावाच्या फाट्याला वळते आणि दिवे लागायच्या सुमाराला पिवळ्या परागकणांनी माखून घरी येते. शेजारच्या बाईंना बरीच वर्षं वाटायचं की मी हळद कांडप केंद्रावर कामाला आहे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण हळद निदान समजते तरी. माझं काम समजावून सांगायला लागले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहुण्यांना निरोप देतानाचे भाव येतात. तरी इथं प्रयत्न करते.

दोडक्याच्या एकाच वेलावर नर फुलंही येतात आणि मादी फुलंही. मादी फूल ओळखायला सोपं. त्याच्या मागं बोटाएवढं चिमुकलं दोडकं आधीच धरलेलं असतं. नर फुलं घोसानं येतात आणि त्यांच्या मागं नुसता देठ. आम्हाला दोन वेगळ्या जातींचा संकर करायचा असतो. म्हणून एका जातीच्या वेलांना आई ठरवायचं आणि त्यांच्यावरची नर फुलं कळीतच खुडायची. संध्याकाळी उमलणार अशा मादी कळ्यांना दुपारीच कागदी टोप्या घालायच्या, म्हणजे मधमाशी आपल्या आधी पोचत नाही. दोडक्याचं फूल उन्हं कलल्यावर उमलतं. तेव्हा दुसऱ्या जातीची, म्हणजे बापाची, नर फुलं तोडून आणायची, टोपी काढून त्यांचे परागकण मादी फुलावर हलक्या हातानं फिरवायचे, पुन्हा टोपी घालायची आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा दिसला की समजायचं, याचे आईबाप कोण ते आपल्याला माहीत आहे. पुढं त्या फळातलं बी पुडीत भरून तुमच्याकडं येतं. हे सगळं काम बायका करतात. पुरुष मोटार चालू करतात.

आता या धंद्याच्या पोटातली गोष्ट. दोन जाती एकत्र आल्या की लेकरात काही बाबतीत एकीचाच गुण दिसतो आणि दुसरीचा दबून राहतो. दिसतो त्याला प्रभावी म्हणतात, दबतो त्याला अप्रभावी. पहिल्या वर्षी मी हे शब्द फळ्यावर लिहून बायकांना शिकवले. एका बाईनं विचारलं, अप्रभावी म्हणजे मुदत संपलेलं का? कीटकनाशकाच्या बाटलीमुळं तिला तसं वाटलं होतं. मी अर्धा तास बोलले. शेवटी बायकांनी आपापसात ठरवलं की एक दांडगा आणि दुसरा गरीब. दांडगा एकटा आला तरी त्याचंच चालतं. गरिबाला तोंड दाखवायचं तर दोन गरीब लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. माझं अर्ध्या तासाचं भाषण दोन वाक्यांत संपलं. त्यानंतर मी फळा नेणं बंद केलं.

माणसांची उदाहरणं देणंही मी त्याच सुमाराला बंद केलं. शाळेत शिकल्याप्रमाणं एका गावात मी कानाच्या पाळीचं उदाहरण दिलं होतं. मोकळी पाळी दांडगी, चिकटलेली गरीब, त्यामुळं दोन्ही आईबापांची चिकटलेली असेल तर लेकराची मोकळी येऊच शकत नाही, असं मी ठासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थांचा फोन आला. ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलत असावेत, कारण आवाज फार खाली होता. त्यांचं म्हणणं होतं की त्यांनी रात्री घरातल्या सगळ्यांचे कान तपासले. मी घाईघाईनं स्कूटीवर बसून त्यांच्या घरी गेले आणि कानाचं शास्त्र शाळेत सांगतात तेवढं सोपं नसतं, त्यात बरंच काही मिसळलेलं असतं, हे पटवून मगच चहा घेतला. ते खरंही होतं. फक्त मला ते आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. तेव्हा कान धरून ठरवलं की यापुढं दोडका सोडून कशाबद्दल बोलायचं नाही. पण दोडक्याबद्दल बोलूनही माणूस गोत्यात येतो, हे मला मागच्या वर्षीच्या उन्हाळी हंगामात कळलं.

अणदूरच्या पुढं एका गावात विठ्ठलअण्णांकडं आमचा प्लॉट होता. तिथल्या बायकांच्या टोळीची प्रमुख होती रेणुका. वय तिशीच्या आसपास, बोलायला तुसडी, हाताला हलकी. कुठली कळी आज उमलणार आणि कुठली उद्या, हे ती चालता चालता सांगायची. एका दुपारी प्लॉटवर गेले तर बाकीच्या बायका टोप्या घालत होत्या आणि रेणुका बांधावरून घागरीनं पाणी आणून देत होती. मी अण्णांना विचारलं. अण्णा मोटारीकडं बघत म्हणाले, "तिच्या घरी जरा लफडं झालंय. तिला आत नको."

लफडं असं होतं. रेणुकाच्या सासूबाई, गोदाकाकू, यांच्या परसातलं दोडकं त्या गावात नावाजलेलं होतं. कवळं, लांब, चवीला गोडसर. दरवर्षी एक चांगलं फळ वेलावर वाळू द्यायचं, त्याचं बी राखेत घालून ठेवायचं आणि पुढच्या हंगामाला लावायचं, असं त्या सासरी आल्यापासून करत होत्या. गावातल्या कितीतरी घरांत त्यांचंच बी गेलं होतं. त्या हंगामात मात्र त्यांची बहुतेक दोडकी कडू निघाली. साधी कडू नव्हे. भाजी ज्याच्या तोंडात गेली तो परसात धावला. गोदाकाकूंनी एका दिवसात निकाल दिला की सुनेनं अडचणीत, म्हणजे पाळीच्या दिवसांत, वेलांना हात लावला.

रेणुकानं कानावर हात ठेवले असते तर कदाचित प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ती म्हणाली, लावला तर लावला, भाजी तोडायला घरात दुसरं कोण आहे? हे उत्तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अण्णांना घाम फुटला. परसातली चार दोडकी कडू झाली तर भाजी फेकता येते, आपला अख्खा प्लॉट कडू झाला तर काय करायचं? आणि गोष्ट अण्णांवर थांबणार नव्हती. या कामाला बाई बोलावतात ती तिच्या हाताच्या नावावर. रेणुकाचा हात वाईट असं एकदा पसरलं की आसपासच्या एकाही गावात तिला कुणी फुलाजवळ उभं करणार नव्हतं. जन्मभर खुरपणी आणि पाणी वाहणं.

मी तडक गोदाकाकूंच्या घरी निघाले. इतक्या वर्षांचा अनुभव पाठीशी होता आणि प्रकरण मला वाटेतच निम्मं सुटलं होतं. अशा वेळी मी फार वेगानं चालते. मागून अण्णा आले, रेणुका आली, टोळीतल्या दोघीतिघी आल्या. अंगणात गोदाकाकू शेंगा फोडत बसल्या होत्या. गोठ्याच्या दारात त्यांचा मुलगा दत्ता उभा होता. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडल्यापासून तो गोठ्यातच असायचा.

मी प्रत्येक वेलाचं एक दोडकं तोडून चाखायला सुरुवात केली. कडू दोडकं पोटात जाऊ देऊ नये, विषबाधा होते, हे मीच सगळ्यांना बजावत असते. पण इतके लोक बघत असताना म्याडमनं थुंकायचं कसं, म्हणून पहिला घास मी गिळला. त्याची फळं संध्याकाळी हायवेच्या कडेला स्कूटी लावून भोगली. असो. बहुतेक वेल कडू होते, पण काही स्वच्छ गोड होते. मी म्हटलं, "काकू, हात तर सगळ्याच वेलांना लागला असेल. मग हे वेल गोड कसे?"

"त्या वेलांची भाजी म्या तोडली आसंल," गोदाकाकू शेंग फोडत म्हणाल्या.

मी मोर्चा कुंपणाकडं वळवला. आणि तिथं, पाटाच्या ओलीवर, मला हवी होती ती मिळाली. कडू दोडकी. रानात, कुंपणांवर आपोआप येते, फळ लिंबापेक्षा जरा लांबट, फूल अगदी आपल्या दोडक्यासारखं पिवळं. दोडक्याची सख्खी भाऊबंद, आणि तिचा कडूपणा दांडगा. मी काकूंना विचारलं, मागच्या पावसाळ्यात बियाला ठेवलेलं फळ कुठल्या वेलाचं होतं? त्यांनी कुंपणाकडंच बोट केलं. तिथं चढलेल्या वेलाला सगळ्यात मोठं फळ लागलं होतं, तेच राखलं होतं. झालं. फुलाला काही परागकण घरचे मिळाले, बरेचसे कुंपणावरचे. घरच्यांपासून झालेल्या बिया गोड, कुंपणावरच्यांपासून झालेल्या कडू. सगळं लख्ख जुळलं. आनंदाच्या भरात मी अंगणाच्या मधोमध येऊन मोठ्यानं सांगितलं:

"काकू, सुनेचा यात काही संबंध नाही. तुमच्या घरातलं बेणंच कडू आहे."

टोळीतल्या बायकांनी आधी एकमेकींकडं आणि मग गोठ्याकडं बघितलं.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. बेणं म्हणजे लावायचं बी. पण माणसाला 'कडू बेणं' म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच होतो की याचा बाप कोण ते विचारू नका. मी मूळची भूमची, याच जिल्ह्यातली. ही शिवी मला माहीत नव्हती, असं म्हणायची सोय नाही. लहानपणी आमच्या गल्लीत ती पाणी भरायच्या वेळी रोज ऐकू यायची. आणि गोदाकाकूंच्या घरातलं बेणं म्हणजे एकुलता एक दत्ता.

दत्ता गोठ्यातून बाहेर आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आला असावा. "म्याडम, काय म्हणलात?"

मी म्हटलं, अहो, बेणं म्हणजे बेणंच म्हणायचंय मला. त्यानं आणखी बिघडलं. मग मी खुलासा करायला घेतला. घरचा वेल चांगला होता, पण संध्याकाळच्या वेळी कुंपणापलीकडून कुणीतरी आलं, आणि काकूंना ते कळलंच नाही. वाक्य पुरं झाल्यावर ते मलाही ऐकू आलं. टोळीतल्या एकीनं पदर तोंडात कोंबला. अण्णांना खोकल्याची उबळ आली. रेणुका आभाळाकडं बघत होती.

"थांब दत्ता," गोदाकाकू म्हणाल्या. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, उठल्या आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. तोवर त्या मला तुमी म्हणत होत्या. "माझ्या बेण्याला कडू म्हणलीस. आता दाखव. न्हाय दाखवलंस तर ह्या गावात पुन्यांदा पाय ठिऊ नको."

मी म्हटलं, दाखवते. पद्धत सोपी होती. गोड निघालेला एक वेल घ्यायचा. गोडपणा गरीब असल्यामुळं जो वेल गोड दिसतो तो आतूनही निखळ गोडच असतो, त्याच्या पोटात कडू लपून राहू शकत नाही. त्याच्या दोन मादी फुलांना कुंपणावरच्या कडूचे परागकण द्यायचे, आणि हे गोदाकाकूंनी स्वतःच्या हातानं करायचं. त्यांच्या वयात अडचणीचा प्रश्नच नव्हता. त्याच वेलाच्या दुसऱ्या दोन मादी फुलांना त्याच वेलाचे परागकण रेणुकानं द्यायचे. मग बी लावून बघायचं कोणाचं कडू होतं.

गोदाकाकूंनी ऐकून घेतलं. बाई हुशार. म्हणाल्या, "हिनं आज केलं तर कशाला उपेग? आज ही सुदीच हाय. करायचं तर अडचणीतच करू दे. मंग खरं खोटं कळंल."

प्रयोग म्हणून हे अगदी बरोबर होतं. मला ते सुचलं नव्हतं. आता प्रश्न एवढाच की ते विचारायचं कसं, दत्ता आणि अण्णा समोर उभे असताना. मी रेणुकाकडं बघितलं. ती कुंपणाकडं तोंड करून म्हणाली, "मंगळवारी या."

या धंद्यात मी पावसाची वाट पाहिली आहे, विजेची पाहिली आहे, नर फुलं उशिरा येतात म्हणून देवाची करुणा भाकली आहे. अशी वाट पाहण्याची वेळ पहिल्यांदाच आली. कानाच्या पाळीनंतर आता ही दुसरी पाळी.

मंगळवारी परसाबाहेर निम्मी आळी उभी होती. गोदाकाकू नवं पातळ नेसून आल्या होत्या. पहिलं नर फूल त्यांच्या बोटांत मोडलं, दुसरं घेऊन दोन्ही मादी फुलांवर फिरवलं तेव्हा जमलं. मी दोन्हींना लाल दोरे बांधले. मग रेणुका पुढं झाली. बघायला आलेल्या बायका एकदम दोन पावलं मागं सरकल्या, कुणी निऱ्या सावरल्या. तिनं कुणाकडं बघितलं नाही. वेलावर हात ठेवला, टोपी काढली, फूल फिरवलं, टोपी घातली. पांढरा दोरा तिनं स्वतःच बांधला. दुसरं फूलही तसंच झालं. मी नीट बघायच्या आत ती घागर घेऊन निघून गेली.

इथपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. पुढचं मी बिघडवलं.

दोन्ही रंगांच्या दोऱ्यांचं एकेक फळ बियाला ठेवायचं होतं आणि एकेक जादा होतं. आठवड्याभरात ती खाण्याजोगी झाली तेव्हा अण्णांनी सुचवलं, जादाची तरी कापून बघू या. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण मला दुसऱ्या गावाला जायची घाई होती, मी म्हटलं, बघा. गोदाकाकूंनी स्वतःच्या लाल दोऱ्याचं दोडकं कापलं, जिभेला लावलं आणि चावून चावून खाल्लं. मग अंगणातल्या प्रत्येकाला फोड दिली. मलाही दिली. चांगली गोड होती.

"बाप कडू, आन दोडकं गोड," त्या म्हणाल्या. "बोल आता."

मला बोलावं लागलं. फळाचा गर हा आईचाच असतो, वेलाच्या पानासारखा, देठासारखा. बापाचा वाटा फक्त आतल्या बियात जातो. त्यामुळं बाप कडू असला तरी ते यंदाच्या फळात दिसत नाही, बी लावून नवा वेल आला की त्याच्या फळात दिसतं. गेल्या पावसाळ्यातलं फळ म्हणूनच चवीला गोड होतं आणि कुणाला संशय आला नाही. हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, पण पहिल्या दिवशी मी बेण्यावर घसरले आणि ते राहून गेलं. माणसांची उदाहरणं बंद केली असल्यामुळं मी शेंग, टरफल, दाणा असं काहीबाही बोलत होते. शेवटी गोदाकाकूच म्हणाल्या, "म्हंजे पोटुशीच्या पोटाकडं बघून लेकरू कुणावर गेलंय ते कळत न्हाय, तसं?"

मी म्हटलं, अगदी तसं.

"आन हे फळ काय सांगत न्हाय?"

मी म्हटलं, काहीच नाही.

त्यांनी पांढऱ्या दोऱ्याचं दोडकं हातात घेतलं, कापलं, चाखलं. तेही गोड होतं. अडचणीत हात लावलेलं फळ सगळ्यांसमोर गोड निघालं होतं. अण्णांचा चेहरा सैल झाला, दत्तानं सुटकेचा श्वास सोडला. गोदाकाकूंनी विळी आडवी केली.

"ह्येबी गोडच हाय. पण फळ काय सांगत न्हाय म्हणल्यात म्याडम. तवा बी पेरू, मंग बोलू."

माझ्याच शास्त्रानं मला बांधून ठेवलं होतं. अण्णांनाही ते पटलं, कारण ते म्याडमनी सांगितलं होतं. संध्याकाळी बांधावर रेणुका भेटली. घागर खाली न ठेवताच म्हणाली, "म्याडम, तुमी त्या टायमाला गप बसला आसता तर मी आज सुटले आसते."

तो उन्हाळी हंगाम तिनं पाणी वाहिलं, अण्णांकडं पावसाळी प्लॉट लागला तेव्हाही तेच. टोळी दुसऱ्या बाईकडं गेली, तिच्या हातून रोज कळ्या मोडायच्या. मी अण्णांना दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि मोटार चालू करायला गेले. मी रागावूनही बघितलं. पण प्लॉट त्यांचा, रान त्यांचं. माझ्या हातात होत्या त्या कागदी टोप्या.

राखलेली फळं वेलावर वाळली. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही बी लावलं, लाल दोऱ्याची एक ओळ, पांढऱ्याची एक. कुंपणावरची कडू दोडकी मी स्वतः उपटली. पावसाळ्यात तिची रोपं पुन्हा उगवली, तीही उपटली. या ओळींच्या फळांना तिच्यापासून काही धोका नव्हता, गर आईचा हे मीच सांगितलं होतं. पण मला ती नजरेसमोर नको होती. मधल्या काळात मला वाईट स्वप्नं पडत. बियांची अदलाबदल झाली, उंदरानं एक ओळ खाल्ली, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे लाल ओळ गोड आली. शास्त्रावर माझा विश्वास आहे. गोदाकाकूंच्या मोडलेल्या फुलावर तेवढा नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा फूल फिरवलं तेव्हा परागकण नीट बसले की नाही, हे मी चष्मा स्कूटीच्या डिकीत विसरल्यामुळं पाहिलंच नव्हतं. हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात वेल लागले. मला निरोप आला तो रेणुकाचा नव्हता, गोदाकाकूंचा होता. दत्तानं फोन केला, आई म्हणते या. मी पोचले तेव्हा परसात बाकी कुणी नव्हतं. आळी बोलावलेली नव्हती. गोदाकाकूंनी विळी आणि दोन परड्या मांडून ठेवल्या होत्या. रेणुका दारात उभी होती.

पांढऱ्या ओळीचं त्यांनी आधी चाखलं. प्रत्येक वेलाचं. सगळी गोड. मग लाल ओळ. पहिलं दोडकं जिभेला लावताच त्यांनी थुंकलं, चूळ भरली आणि दुसरं घेतलं. मी म्हटलं, काकू, पुरे, एकाच्या चवीवरून कळतं. त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक वेलाला गेल्या, प्रत्येक वेळी थुंकल्या. डोळ्यांतून पाणी आलं होतं, ते कडूमुळं. शेवटच्या वेलापाशी त्यांनी हातातली फोड टाकून दिली.

"माझ्याच हाताचं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हाताचं नाही काकू, परागकणाचं. कुणीही लावलं असतं तरी हेच झालं असतं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

चूळ भरून त्यांनी विचारलं की या कडू वेलांतलं गोड आता कायमचं गेलं का. मी सांगितलं, गेलं नाही, खाली दबलं आहे. याच वेलाचं याच वेलाला लावून बी घेतलं आणि ते पेरलं, तर साधारण चारांत एक वेल पुन्हा गोड येईल.

"येवढं दाबून धरलं तरी मरत न्हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग दाराकडं वळून, आवाज न चढवता, "रेणुका, ह्या लाल ओळीचे वेल उपटून टाक. पांढऱ्याचं बी ठेवायचं, कुठलं ठेवायचं ते तूच बघ."

रेणुका म्हणाली, "आत्या, आता न्हाय उपटत. प्लॉटवर टोप्या घालायची येळ झाली. अण्णांनी पाणी आणायला बोलावलंय."

गोदाकाकूंनी पायात चपला घातल्या.  पुढं त्या, मागं रेणुका, तिच्यामागं स्कूटी ढकलत मी, असे आम्ही अण्णांच्या प्लॉटवर गेलो. बायका ओळींत शिरल्या होत्या. अण्णा बांधावर उभे होते. गोदाकाकू त्यांच्यापुढं जाऊन थांबल्या आणि सगळ्या ओळींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "हिचा आज दुसरा दिवस हाय. आन ही आज आत जाणार, फुलाला हात लावणार. कुणाला काय म्हणायचं आसंल तर माझ्या तोंडाकडं बघून म्हणा."

 अण्णांनी टोपी काढली, आत काय आहे ते बघितलं, पुन्हा डोक्यावर ठेवली. रेणुकाचा चेहरा लालभडक झाला होता. "आत्या, दिवस सांगायची काय गरज होती?" ती पुटपुटली. पण तोवर तिनं घागर बांधाला टेकवली होती आणि टोप्यांचा गठ्ठा काखेत मारला होता. ती पहिल्या ओळीत शिरली. तिच्या जागी आलेली बाई पलीकडच्या ओळीत सरकली.

अण्णा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, बियाला काय होणार न्हाय ना?"

मी तोंड उघडलं. दांडगा, गरीब, गर आईचा, बी दोघांचं, सगळं जिभेवर तयार होतं.

"अण्णा," वेलांमधून रेणुकाचा आवाज आला, "दोरे संपल्यात. आणून द्या."

आणि अण्णा दोरे आणायला गेले.